एका रस्त्यावर चार भाषाकुळं: मोशी ते दार एस सलाम

टांझानियाला जाणारी बहुतेक मराठी मंडळी सेरेंगेटीतले सिंह बघतात, झांझिबारच्या समुद्रात डुंबतात आणि परत येतात. मी आणि माझी मोठी बहीण मात्र वेगळ्या ओढीनं गेलो होतो. ताईची सगळी नोकरी मेळघाटात, धारणी तालुक्यातल्या शाळांत झाली. घरी कोरकू बोलणारी मुलं पहिलीत येतात आणि मराठी पुस्तकासमोर कित्येक महिने गप्प बसून राहतात, हे तिनं वर्षानुवर्षं पाहिलंय. १२०हून जास्त भाषा असलेला आणि तरी स्वाहिली या एका भाषेत कारभार चालवणारा देश कसा असतो, हे तिला स्वतः जाऊन बघायचं होतं. मलाही.

आफ्रिकेतल्या भाषांची चार मोठ्या गटांत विभागणी करायची जुनी पद्धत आहे: बांटूचा मोठा गट, नायलोटिकचा गट, कुशिटिकचा गट आणि जिभेनं टकटक आवाज काढून बोलल्या जाणाऱ्या 'क्लिक' भाषांचा गट. या चारही गटांच्या भाषा बोलणारे लोक एकाच देशात सापडतात तो देश म्हणजे टांझानिया. त्यातही करातू, बाबाती, कोंडोआ या रिफ्ट व्हॅलीच्या, म्हणजे मोठ्या खचदरीच्या पट्ट्यात ते एकमेकांचे शेजारी आहेत. नकाशात तो पट्टा सापडला आणि आमचा मार्ग ठरला. ई-व्हिसा, विमान, चालकासकट गाडी हे सगळं घरबसल्या झालं.

शनिवार-रविवार, २८-२९ जून: मोशी आणि मरांगू

आमचे चालक पन्नाशीचे, किलिमांजारोच्या पायथ्याच्या मोशीपासून आग्नेयेला असलेल्या पारे डोंगरातले. पहिल्याच दिवसापासून आम्ही त्यांना भाऊ म्हणायला लागलो आणि त्यांनाही ते आवडलं. मरांगूला किलिमांजारोच्या उतारावर चग्गा जमातीच्या एका बाईंच्या घरी आमची राहायची सोय होती. गाडी अंगणात थांबली, भाऊ खाली उतरले आणि बाईंनी आमच्याकडे न बघता त्यांच्यावरच तोफ डागली. "पारे माणूस आणलात? आता चमचे मोजून ठेवायला हवेत." भाऊंनी तेवढ्याच गंभीर चेहऱ्यानं विचारलं, की कुणी चग्गा मेलाय की नाही हे बघायला त्याच्या कानाशी अजूनही नाणी वाजवतात का? मग दोघंही पोट धरून हसले. ओळखपाळख नसताना.

या प्रकाराला उतानी म्हणतात. टांझानियातल्या बऱ्याच जमातींच्या जोड्या ठरलेल्या आहेत. एकेकाळी ज्यांच्यात लढाया झाल्या किंवा ज्यांचा व्यापाराच्या वाटांवर सतत संबंध आला, ते पुढे एकमेकांचे 'वातानी' झाले. वातानींनी एकमेकांना काहीही बोलावं, समोरच्यानं राग धरायचा नाही. पारे कंजूष आणि कोर्टकज्ज्यांचे शौकीन, चग्गा पैशांचे लोभी, हे दोघांनीही पिढ्यानपिढ्या ऐकलेलं. पण उतानी फक्त थट्टेपुरती नाही. घरात कुणी गेलं की वातानी येतात, कामाला हात लावतात आणि ऐन दुःखात घरच्यांना हसवतात. भाऊ म्हणाले, त्यांचे वडील गेले तेव्हा शेजारचा एक चग्गा म्हातारा अंत्यविधीला आला आणि मृताकडे उधारी मागत बसला. आई त्या दिवशी पहिल्यांदा हसली ती तेव्हाच. जुनी वैरं पुसून टाकता येत नाहीत हे ओळखून त्यांचं असं नातं करून टाकणाऱ्या लोकांबद्दल मला पहिल्याच संध्याकाळी आदर वाटायला लागला.

सकाळी ढग बाजूला झाले आणि अर्धा तास किलिमांजारोचं हिमाच्छादित शिखर किबो दिसलं. नंतर दिवसभर दिसलं नाही. बाईंनी आपली बाग दाखवली. वर केळी, केळींच्या सावलीत कॉफी, खाली सुरण-रताळ्यांसारखे कंद आणि गुरांचा चारा. डोंगरावरच्या झऱ्यांचं पाणी चरांमधून आणून अशा बागांमध्ये वाटून घ्यायची चग्गांची व्यवस्था जुनी आणि काटेकोर आहे. जेवायला केळी आणि मांसाचं घट्ट सूप, म्तोरी, होतं. आम्ही शाकाहारी म्हटल्यावर त्यांनी मांसाशिवाय वेगळं केलं, तेही झकास लागलं. नंतर भोपळ्याच्या तुंब्यातून म्बेगे आली. ही आंबवलेल्या केळ्यांची बिअर, तिच्यात नाचणीचा माल्ट घालतात. नाचणी मुळात पूर्व आफ्रिकेच्या उंच प्रदेशातलीच, हजारो वर्षांपूर्वी तिथून भारतात आलेली. त्यामुळे ताईनं तो तुंबा अगदी घरचा असल्यासारखा हातात घेतला.

बाई मूळच्या मचामेच्या. मचामेही चग्गांचंच गाव, याच डोंगराच्या दुसऱ्या अंगाला. तरी मरांगूला सून म्हणून आल्यावर सासूचं बोलणं त्यांना धड कळेना. पहिलं वर्षभर सासूसुनांनी आपसात स्वाहिलीतच निभावलं. एका डोंगराच्या उतारावर, एकाच जमातीत ही स्थिती. पुढे येणाऱ्या सगळ्या प्रवासाची ती नांदी होती असं आता वाटतं.

जाणाऱ्यांसाठी: वयानं मोठ्या माणसाला भेटलात की आधी 'शिकामो' म्हणायचं, ते 'मराहाबा' म्हणून उत्तर देतात. हे एवढं केलंत की निम्मी दारं आपोआप उघडतात. वेळ विचारताना जपा. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणजे आपले सकाळचे सात हा त्यांचा पहिला तास. बसची किंवा भेटीची वेळ ठरवताना ती कुठल्या हिशेबानं सांगितली हे विचारून घ्या. आणि जून-जुलै हा तिथला हिवाळा. मरांगूला आणि पुढे करातूला स्वेटर लागतोच.

सोमवार-मंगळवार: म्तो वा म्बू

अरुशा शहर फक्त ओलांडलं. वाटेत भाऊंनी दाखवलं, की मेरू डोंगराच्या एका अंगाला मेरू लोक राहतात, त्यांची भाषा चग्गांच्या भाषेच्या जवळची. त्यांना लागून अरुशा लोक, ते मासाईंची मा भाषा बोलतात पण गुरांमागे न फिरता शेती करतात. मकुयुनीच्या पुढे हवा कोरडी झाली आणि लाल शुका पांघरलेले मासाई गुराखी दिसू लागले.

म्तो वा म्बू हे मन्यारा सरोवराच्या काठचं, रिफ्ट व्हॅलीच्या कड्याखालचं गाव. सफारीच्या गाड्या इथे पेट्रोल आणि लाल केळी घेण्यापुरत्या थांबतात. आम्ही दोन रात्री राहिलो आणि गावातल्या एका वाटाड्या मुलीबरोबर पायी हिंडलो. १९५०च्या दशकात इथे पाटाचं पाणी खेळवलं गेलं आणि देशभरातून लोक जमिनीच्या आशेनं आले. कड्यातून झरे वाहतात, त्यामुळे डासही भरपूर आणि भातही भरपूर. आता गावकरी अभिमानानं सांगतात, की देशातली एकही जमात अशी नाही जिचं घर इथे नाही. ते शब्दशः खरं असो नसो, एका सकाळच्या फेरीत आम्ही काय पाहिलं ते सांगते. चग्गा केळ्यांची बिअर गाळत होते. टांगानिका सरोवराकाठच्या किगोमाहून आलेल्या लोकांनी तिकडून आणून लावलेल्या ताडांच्या फळांचं तेल काढणं चाललं होतं. रांगी बाया पाणगवताच्या चटया विणत होत्या. मकोंडे सुतार शिसवीसारख्या काळ्या लाकडातून एकमेकांच्या खांद्यांवर चढलेल्या माणसांचे खांब कोरत होते. मकोंडे मूळचे दक्षिणेचे, मोझांबिकच्या सीमेवरचे.

वाटाड्या मुलीला ताईनं विचारलं, तू कोण? ती म्हणाली, "वडील सांदावे, आई म्बुग्वे, मी म्तो वा म्बूची." सांदावे ही क्लिक भाषा, म्बुग्वे बांटू. दोन्हीपैकी काय येतं? थोडं थोडं कळतं, बोलता येत नाही. हे ती कुठलाही खेद न करता म्हणाली. ताई मात्र बराच वेळ काही बोलली नाही.

बुधवार: करातू, भाऊंची सासुरवाडी

कड्याचा घाट चढून वर आलं की माती एकदम लाल होते आणि गव्हा-मक्याची शेतं लागतात. हा इराक्वांचा मुलूख. इराक्व कुशिटिक भाषा बोलतात, म्हणजे दूरच्या नात्यानं त्यांची भाषा इथिओपिया आणि सोमालियातल्या भाषांची बहीण. भाऊंची बायको इराक्व, त्यामुळे जेवण तिच्या माहेरी ठरलेलं.

आजी ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी लहानपणीचं घर कसं असे ते काठीनं जमिनीवर रेघा ओढून दाखवलं. डोंगराच्या उतारात खणलेलं, वरून मातीचं सपाट छप्पर, लांबून दिसूच नये असं. मासाईंच्या गुरं पळवायच्या धाडींपासून बचाव म्हणून ती तऱ्हा होती. आज त्याच आजींचा एक जावई मासाई आहे आणि तो शेजारच्या खोलीत फुटबॉल बघत बसला होता.

मकांदे वाढलं, म्हणजे मक्याचे अख्खे दाणे आणि राजम्यासारखा घेवडा एकत्र शिजवलेला, वर दूध. सुट्टी असल्यामुळे नातवंडं घरात होती, त्यांत भाऊंची धाकटी दोघंही. आजी इराक्वमध्ये विचारत, पोरं स्वाहिलीत उत्तर देत. दोन्हीकडून संभाषण न अडखळता चाललेलं. भाऊंच्या घरात बाप पारे, आई इराक्व. मग मुलांशी बोलायचं कशात? दोघांनाही आपली अशी वाटणारी आणि दोघांपैकी एकाचीच नसलेली भाषा एकच. भाऊ म्हणाले, "माझी मोठी मुलगी दारला हाया जमातीतल्या मुलाशी लग्न करतेय. त्यांच्या मुलांना मी कुठली भाषा देऊ?"

इराक्व भाषेला तशी आज भीती नाही. पाच लाखांहून जास्त लोक ती बोलतात आणि आसपासच्या लहान जमातींनाही ती यावी लागते. तरीही आजी निघताना ताईचा हात धरून जे बोलल्या ते भाऊंनी उलगडून सांगितलं: नातवंडांना त्यांचं बोलणं समजतं, पण त्यांच्या गोष्टी समजत नाहीत.

गुरुवार: मांगोला, एयासी सरोवर

करातूहून खाली उतरणारा मांगोलाचा रस्ता कच्चा, धुळीचा, हाडं खिळखिळी करणारा. आणि उतरून येतो कुठे, तर कांद्याच्या गावात. झऱ्यांच्या पाण्यावर मैलोन्मैल लाल कांदा, बांधावर पोत्यांच्या थप्प्या, ट्रक, हमाल, दलाल. लासलगावचा बाजारच कुणी बाओबाबच्या झाडांखाली आणून मांडलाय असं वाटलं. कांदा खणायला देशभरातून मजूर येतात आणि एका शेतात पाच-सहा जमातींची माणसं सहज सापडतात.

या कांद्याच्या शेतांपलीकडच्या झाडोऱ्यात हाडझा राहतात. ते हजाराच्या आसपास उरलेत आणि त्यांतले काही अजून शिकार, मध, कंद आणि बाओबाबची फळं यांवर जगतात. त्यांची भाषा क्लिक भाषा आहे, पण जगातल्या दुसऱ्या कुठल्याच भाषेशी तिचं नातं सिद्ध झालेलं नाही. तिचं कुळ म्हणजे ती एकटीच.

गावातल्या पर्यटन कार्यालयात शुल्क भरून आम्ही दुभाष्याला घेतलं आणि पहाटेच्या अंधारात निघालो. दुभाष्या दातोगा आईचा आणि इराक्व बापाचा मुलगा, हाडझा पोरांबरोबर खेळत वाढलेला. तांबडं फुटताना आम्ही एका शेकोटीपाशी पोचलो. पुरुष बाणांची टोकं सरळ करत होते, बायका थोड्या अंतरावर दुसऱ्या शेकोटीशी. एक तरुण मला त्यांच्या भाषेतले टकटक ध्वनी शिकवायला लागला. मूळ तीन जागा आहेत: जीभ दातांना लावून, दाढांच्या कडेला लावून आणि वरच्या हिरडीमागे लावून. प्रत्येक जागेचा शब्द त्यानं म्हणून दाखवला आणि माझ्या तोंडून तिसरा नीट निघाला तेव्हा सगळ्या शेकोटीनं ओरडून दाद दिली.

नंतर तासभर त्यांच्यामागे चाललो. मध दाखवणारा एक पक्षी आहे. माणूस शीळ घालतो, पक्षी उत्तर देतो आणि फांदीफांदीवरून पुढे उडत पोळ्यापर्यंत नेतो. त्या दिवशी पक्षी आला, पोळंही सापडलं. उंच बाओबाबच्या खोडात लाकडी खुंट्या ठोकत एक जण वर गेला, धूर केला आणि पोळ्याचे तुकडे खाली आले. गरम, धुरकट वासाचा, आंबटगोड मध मी आजवर असा खाल्लेला नाही. आजूबाजूला पाच वर्षांच्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येकाला सारखा वाटा मिळाला, आणि आम्हालाही तेवढाच.

पण तिथलं सगळं असं गोड नाही, आणि ते लिहिलं नाही तर मी अर्धंच सांगितलं असं होईल. कांदा वाढतोय, गुरांचे कळप वाढताहेत, त्यामुळे शिकारीचं रान आटतंय. पर्यटकांचा पैसा काही तळांवर थेट दारूत जातो. दक्षिणेकडच्या याएदा खोऱ्यातल्या हाडझांना २०११ साली सुमारे २०,००० हेक्टर जमिनीवर सामूहिक हक्काची कागदपत्रं मिळाली. ती त्यांच्या इतिहासातली फार मोठी गोष्ट. मांगोलाच्या बाजूला रान रोज थोडं मागे सरकताना दिसतं.

आणि शाळा. हाडझा मुलांना वसतिगृहाच्या शाळेत घालतात, तिथे सगळं स्वाहिलीत. काही मुलं पळून परत येतात. ताईनं दुभाष्याला विचारलं, शिक्षकांपैकी कुणाला हाडझा येते का? तो म्हणाला, नाही. ताईनं मग त्याला धारणीच्या वर्गाबद्दल सांगितलं. तिनं स्वतः बाजारात बसून कोरकू शिकायला सुरुवात केली, आणि मुलांना 'काय जेवलास' एवढं त्यांच्या भाषेत विचारल्यावर वर्गाला कसा कंठ फुटला, ते सांगितलं. त्यानं ते शेकोटीजवळच्या एका बाईंना सांगितलं. त्या बाई बराच वेळ बोलत होत्या. त्यांचं म्हणणं असं, की पोराला स्वाहिली यायलाच हवी, नाहीतर कांदेवाला मजुरीत फसवतो. पण शाळेतून आलेला पोरगा पक्ष्याला शीळ घालायला विसरतो, त्याचं काय?

दुपारी दातोगा लोहारांकडे गेलो. दातोगा नायलोटिक गटातले गुराखी. बायकांच्या डोळ्यांभोवती गोंदल्यासारख्या व्रणांची वर्तुळं, अंगावर मण्यांनी मढवलेली कातड्याची वस्त्रं. लोहार बकऱ्याच्या कातड्याच्या भात्यानं निखारे फुलवतात, जुनी कुलुपं आणि नळाच्या तोट्या वितळवून पितळी कडी ओततात आणि खिळे ठोकून बाणांची टोकं करतात. तीच टोकं हाडझा मधाच्या मोबदल्यात घेऊन जातात. गुरांच्या चराईवरून ज्यांच्यात तंटे आहेत, त्यांच्यातच हा देवघेवीचा धागा आहे.

जाणाऱ्यांसाठी: कार्यालयातूनच जा, रस्त्यावर गाठ पडलेल्या दलालाबरोबर नको. गोळ्या-चॉकलेटं, जुने कपडे, दारू-सिगारेट नेऊ नका. फोटो विचारून काढा. तळावर पर्यटकांचा दुसरा गट नसेल तेव्हा जा, थोडा वेळ थांबावं लागलं तरी चालेल.

शुक्रवार-शनिवार: बाबाती, कोलो

आल्या वाटेनं मकुयुनीला आलो आणि तिथून दक्षिणेला वळलो. हा मोठा रस्ता थेट डोडोमाला जातो, आता पूर्ण डांबरी आहे. बाबातीला सरोवरात पाणघोडे आहेत आणि नैर्ऋत्येला हनांगचा एकांडा डोंगर दिसतो. त्याच्या पायथ्याची चराऊ माळरानं १९७०च्या सुमारास कॅनडाच्या मदतीनं उभ्या राहिलेल्या सरकारी गव्हाच्या शेतांत गेली आणि दातोगांपैकी बाराबाईग लोकांवर हक्कासाठी कोर्टात जायची वेळ आली. एकच भाषा, एकच राष्ट्र म्हणत पुढे गेलेल्या देशात कुणाला जागा मोकळी करावी लागली, याचा तो डोंगर साक्षीदार आहे.

कोलोला पुरातत्त्व खात्याच्या कार्यालयात पैसे भरून वाटाड्या घ्यावा लागतो. कोंडोआची शैलचित्रं २००६पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत. कड्यांच्या आडोशाच्या दीडशेहून जास्त जागांवर ती पसरलेली आहेत. शेवटची चढण उभी आहे, चांगले बूट घाला आणि पाणी न्या. वर पोचलो आणि खडकाच्या छताखाली तांबड्या रंगात उंच, सडपातळ माणसं दिसली, डोकी फुगीर, केस किंवा मुखवटे असावेत अशी. जिराफ आणि हत्तीही होते. एका चित्रात मधल्या आकृतीचे हात दोन्ही बाजूंनी धरून ओढणारी माणसं आहेत. १९५१मध्ये पुरातत्त्वज्ञ मेरी लीकी यांनी इथे महिनोन्महिने राहून ही चित्रं उतरवून घेतली.

तांबडी चित्रं शिकारी लोकांची, आणि त्यांचं नातं आजच्या सांदावेंच्या पूर्वजांशी जोडणारे अभ्यासक आहेत. त्यांच्यावर पांढऱ्या रंगातली नंतरची चित्रं ही शेती घेऊन आलेल्या बांटू भाषकांची मानतात. आमचा वाटाड्या रांगी, म्हणजे त्या नंतर आलेल्यांचा वंशज. त्यानं खडकाच्या एका कपारीकडे हात जोडल्यासारखं केलं. रांगी लोक अजूनही पावसासाठी, आजारपणात इथे येऊन नैवेद्य दाखवतात. आपल्या आधीच्यांनी रंगवलेली जागा आलेल्यांनीही पवित्र मानली. तिथून खाली बघितलं तर दरीत बांटू रांगींची गावं, उत्तरेला कुशिटिक गोरोवा, पश्चिमेकडे सांदावे, मधून जाणाऱ्या धुळीच्या वाटांवर दातोगांची गुरं. घरी नकाशावर बोट ठेवून वाचलेलं सगळं डोळ्यांसमोर होतं.

रविवार: डोडोमा

वाटेत एका ठिकाणी बायका मांडीत धरलेले मोठे ढोल वाजवत चालल्या होत्या. हे गोगो लोकांचं वाजवणं, एकमेकांत गुंफलेल्या सुरांसाठी गोगो देशभर प्रसिद्ध आहेत. डोडोमाला द्राक्षं पिकतात, उबुयू म्हणजे बाओबाबच्या बियांची साखर लावलेली आंबट गोळी रस्त्यावर मिळते. भाऊंना निरोप दिला. संध्याकाळ त्याच निरोपात गेली.

सोमवार, ७ जुलै: दारची गाडी

डोडोमा ते दार ही विजेवर चालणारी नवी रेल्वे २०२४मध्ये सुरू झाली. चारेक तासांत पोचवते. तिकीट ऑनलाइन काढा, पासपोर्ट जवळ ठेवा, वेळेच्या बरंच आधी जा.

सुट्टीचा दिवस होता. १९५४ साली ७ जुलैला टानू हा स्वातंत्र्यलढ्याचा पक्ष स्थापन झाला, म्हणून ती सुट्टी. आणि २०२१मध्ये युनेस्कोनं तोच दिवस जागतिक किस्वाहिली दिन म्हणून जाहीर केला. समोरच्या बाकावर बुकोबाकडचे एक निवृत्त हाया शिक्षक होते. ताई शिक्षिका म्हटल्यावर त्यांनी डबा उघडला आणि बोलणं सुरू झालं ते मोरोगोरो गेलं तरी थांबलं नाही.

त्यांनी जे सांगितलं त्यातून मला या देशाची घडण कळली. स्वाहिली किनाऱ्यावरून व्यापारी तांड्यांबरोबर आत गेली. जर्मनांनी कारभारासाठी तीच वापरली, इंग्रजांच्या काळात झांझिबारची बोली प्रमाण ठरली आणि १९३०मध्ये त्या कामासाठी समिती नेमली गेली. स्वातंत्र्यलढ्याचे नेते आणि पहिले राष्ट्राध्यक्ष न्येरेरे सभा स्वाहिलीत घेत. ते स्वतः झानाकी या लहानशा जमातीतले, आणि देशातली सगळ्यांत मोठी सुकुमा जमातसुद्धा इतकी मोठी नाही की बाकीच्यांवर हुकूम चालवेल. १९६३मध्ये मुखियांचे वंशपरंपरागत अधिकार काढून घेतले. १९६७नंतर जनगणनेत जमात विचारणं बंद झालं. मुलांना माध्यमिक शाळेसाठी, मग राष्ट्रीय सेवेसाठी, मग नोकरीसाठी मुद्दाम दूरच्या प्रांतात पाठवत. गुरुजींची पहिली नेमणूक व्हिक्टोरिया सरोवराच्या काठावरून थेट मोझांबिकच्या सीमेवर मत्वाराला. तिथे त्यांना मकुआ बायको मिळाली.

"शेजारच्या देशांत निवडणुका आल्या की लोक आडनाव ऐकून घाबरतात," ते म्हणाले. "आम्ही आडनाव ऐकून थट्टा करतो. हे आम्ही घडवलंय."

ताईनं त्यांना हाडझा बाईंचा प्रश्न सांगितला. ते गप्प झाले. मग म्हणाले, प्राथमिक शाळा स्वाहिलीत, माध्यमिक इंग्रजीत, आईच्या भाषेला वर्गात जागा कधीच दिली नाही. त्या वेळी देश एक ठेवायचा होता, आम्हाला ते बरोबर वाटत होतं. आता देश एक आहे. आता पहिली दोन वर्षं तरी मुलांना त्यांच्या भाषेत शिकवायला घाबरायचं कारण काय? तुम्ही हे तिकडे कसं केलंत, ते मला लिहून पाठवा. ताईनं त्यांचा पत्ता घेतला.

माझं मत मी इथे मांडते. स्वाहिलीनं या देशाला जी निर्धास्तता दिली ती मी प्रत्यक्ष पाहिली आणि तिचं मोल फार मोठं आहे. पण हाडझा, सांदावे यांसारख्या भाषांना त्याची किंमत मोजावी लागतेय, आणि ती किंमत टाळता येण्यासारखी आहे. पहिलीच्या वर्गात दोन भाषा नांदल्या म्हणून देश मोडत नाही.

मंगळवार: दार एस सलाम

दमट हवा, करियाको बाजाराचा गजबजाट, भाजलेली मक्याची कणसं. दुपार माकुंबुशोला घालवली. या उघड्यावरच्या संग्रहालयात वेगवेगळ्या जमातींची घरं प्रत्यक्ष आकारात बांधून ठेवलीत. चग्गांची मधमाश्यांच्या पोळ्यासारखी गवती झोपडी होती, हाया लोकांची जमिनीपर्यंत उतरलेल्या छपराची होती, गोगोंचं सपाट छपराचं मातीचं घर होतं. सुट्टीच्या दिवशी इथे नाचही असतात. प्रवासाच्या सुरुवातीला इथे आलो असतो तर ही नुसती घरं वाटली असती. शेवटी आलो हे बरं झालं.

जाणाऱ्यांसाठी उरलेलं: प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१९पासून बंदी आहे, बॅगेतून काढून ठेवा. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी आधी बोला. आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जाणार असाल तर पिवळ्या तापाची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घेऊन लसीच्या नोंदीचं पिवळं पुस्तक जवळ ठेवा. शाकाहारी असाल तर वाली-महारागे म्हणजे भात-घेवडा, चपाती, म्चिचा म्हणजे राजगिऱ्याची पालेभाजी कुठेही मिळते.

आमचं एक ठिकाण राहिलं. भाऊंच्या पारे डोंगरांशेजारी उसांबाराच्या रांगा आहेत. तिथे म्बुगू लोक राहतात आणि त्यांच्यातले काही जण मा'आ बोलतात, जिचं व्याकरण बांटू आहे आणि शब्दांचा मोठा साठा कुशिटिक. जवळच्या लोकांमध्ये मिसळून जाताना एखाद्या समाजानं आपले शब्द तेवढे घट्ट धरून ठेवले, असं काही अभ्यासक मानतात. दारहून तिथल्या लुशोटो गावाला थेट बस जाते, वर थंडी असते, राहायला मिशनऱ्यांची जुनी अतिथीगृहं आहेत. पुढच्या जूनमध्ये ताई आणि मी तिकडे जाणार आहोत, आणि भाऊंनी गाडीची तारीख आत्ताच लिहून घेतली आहे.